डोळे शेवटी आखायचे असतात

यंदा गणपतीत आमच्या घरी दोन वाद शेजारी शेजारी चालले होते. ओटीवर काका आणि दादा छपराचा विषय घेऊन बसले होते: कौलं काढून स्लॅब घालायचा की नाही. खाली पायरीवर मुंबई-पुण्याहून आलेली पोरं मोबाइलवर एका नव्या स्पोर्ट्स कारचा फोटो मोठा करकरून बघत होती. गाडी नवी, पण चेहरा पन्नास वर्षांपूर्वीचा. अर्ध्या पोरांचं म्हणणं, डिझाइन करणाऱ्यांची डोकी आटली, म्हणून आजोबांच्या गाड्यांची तोंडं नातवंडांना चिकटवतात. उरलेल्यांचं म्हणणं, जुन्या गाड्यांना रूप होतं, आताच्या सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या, तेव्हा रेट्रो, म्हणजे नव्या गाडीला जुनं रूप देणं, हाच शहाणपणा. आरतीची वेळ झाली तरी कोणी मागे हटेना. मी दोन तास ऐकत होतो. त्या दोन तासांत एकालाही असं विचारावंसं वाटलं नाही, की ती जुनी गाडी मुळात तशी का दिसत होती? बॉनेट लांब होतं ते कशासाठी? छत इतकं खाली का? दरवाजा वर का उघडायचा? जुन्याचं कारणच ठाऊक नसेल, तर ते परत आणावं की आणू नये हे ठरवायचं तरी कशावरून?

मी पॉलिटेक्निकच्या मुलांना मशीन ड्रॉइंग शिकवतो. त्यामुळे रेषा दिसली की ती कशासाठी मारली हे विचारायची सवय लागली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रेट्रो चांगलं की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्या एका शब्दाखाली दोन निराळी कामं लपली आहेत. जुनी रेषा नव्या गाडीवर आली, की तिला आज काय काम आहे एवढंच बघावं. गाडीचं वजन, इंजिनाची जागा, माणसाची बैठक, वाऱ्याची वाट यांतलं काही ती रेषा सांभाळत असेल, तर ती साठ वर्षांची असली तरी तिथे असण्याचा तिचा हक्क आहे. काम संपलेलं असेल, तर तिथे नुसतं रंगकाम उरतं, आणि त्या रंगकामाची किंमत गाडीतल्या दुसऱ्या कशातून तरी वसूल होते.

आमच्याकडे कोकणात नागपंचमीच्या सुमारास गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, पाट नेऊन देतात. त्या पाटावर आधी माती बसते, मग बैठक, पोट, सोंड, हात. मूर्ती वाळते, घासून होते, पांढरा हात लागतो, अंगाचा रंग लागतो, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. लहानपणी मला वाटायचं, डोळे आधी काढले तर गणपती लवकर गणपती दिसेल. तसं बोललोही होतो. मूर्तिकार म्हणाले, "आधी माती बसाक व्हयी, डोळे मगे." फसलेल्या बहुतेक रेट्रो गाड्या बघताना मला हेच वाक्य आठवतं. त्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केलेली असते.

आता ज्या गाड्यांच्या आठवणींवर हा सगळा व्यवहार चालतो त्या बघा. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिच्या लांबलचक बॉनेटवर लोकांनी भरभरून लिहिलं, पण ते लांब होतं कारण खाली सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं ३.८ लिटरचं इंजिन होतं. तिचे वक्र काढणारा माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आलेला माणूस. तो वाऱ्याचा हिशोब गणिताने मांडायचा आणि त्या गणितातून निघालेला वक्र कागदावर उतरवायचा. फोर्डच्या जीटी४० चं नावच तिच्या उंचीवरून पडलं, जेमतेम ४० इंच. तिचे दरवाजे छतात आतपर्यंत कापलेले होते, कारण ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत चालक बदलायचे असतात आणि इतक्या बुटक्या गाडीत चटकन शिरायला दुसरी वाट नव्हती. लॅम्बोर्गिनी कुन्ताश १९७१ साली पहिल्यांदा दिसली तेव्हा अंगाने सपाट होती. रस्त्यावर चालवून बघताना तिचं बारा सिलिंडरचं इंजिन तापायला लागलं, तेव्हा खांद्यांवर हवा ओढणारी खोकी आली. तिच्या कात्रीसारख्या दरवाजांचंही तेच. गाडी रुंद, मागचं दिसत नाही, म्हणून मागे घेताना चालक दरवाजा वर करून उंबऱ्यावर बसायचा आणि मान बाहेर काढून बघायचा. बॉनेटमधून उघडझाप करणारे दिवेसुद्धा लाडाने आलेले नाहीत. अमेरिकेच्या नियमाला दिवा ठरावीक उंचीवर हवा होता आणि वाऱ्याला गाडीचं नाक खाली हवं होतं. दोघांचं समाधान करायचं तर दिवा लपवणं भाग होतं. आज आपण ज्याला 'स्टाइल' म्हणतो ते त्या काळी अडचणीचं उत्तर होतं.

रेट्रोच्या विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा इथूनच निघतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. यातल्या एकाही गाडीने मागे वळून पाहिलं नव्हतं. सेयर १९२० च्या गाड्यांची चित्रं समोर घेऊन बसला असता तर ई-टाइप झाली असती का? आणि आजच्या चाळीस वर्षांच्या डिझायनरने आपलं उमेदीचं आयुष्य आजोबांच्या रेषा गिरवण्यात घालवलं, तर २०६० साली कोणाला आठवावंसं काय उरेल? हे नुकसान खरं आहे. फोर्डने १९५५ ची थंडरबर्ड २००२ साली परत आणली. गोल खिडकी आली, तोंड आलं, पेस्टल रंग आले, सुरुवातीला लोक खूशही झाले, आणि २००५ मध्ये गाडी बंद झाली. एकदा हसून ओळख दिल्यावर तिच्याकडे पुढे बोलायला काही नव्हतं. फोक्सवॅगनची न्यू बीटल स्पोर्ट्स कार नव्हे, तरी उदाहरण म्हणून इतकं स्वच्छ दुसरं सापडत नाही. जुन्या बीटलचं इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. नवीचं इंजिन पुढे, त्याच कंपनीच्या गोल्फ नावाच्या गाडीकडून घेतलेलं. पण कमान तीच हवी होती, म्हणून चालकासमोर टेबलाएवढा डॅशबोर्ड पसरला आणि मागे बसणाऱ्याचं डोकं छताला लागू लागलं. डॅशबोर्डवर फुलदाणी मात्र दिली होती.

इतकं मान्य करूनही मी रेट्रोला नावं ठेवणाऱ्या त्या अर्ध्या पोरांच्या बाजूने जात नाही, याचं पहिलं कारण एक छोटी जपानी गाडी आहे. तिच्या मागे उभी असलेली १९६२ ची ब्रिटिश लोटस एलान म्हणजे फायबरचं अंग, मधोमध पोलादी कणा, दोन माणसं, सातशे किलोच्या आतलं वजन. असल्या हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या ब्रिटिश गाड्या १९८० पर्यंत जवळपास संपल्या. त्यांतल्याच एमजीबी या गाडीचं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. त्या जागेत कोणी पाऊल टाकत नव्हतं. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ मांडली. तिच्यात एलानची छाया कोणालाही दिसेल. पण माझदाने एलानकडून मुख्यतः उचललं ते वजन: गाडी एक टनाच्या आत, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, बैठक जमिनीलगत. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत अशा अर्थाचा एक जुना जपानी शब्दप्रयोग त्यांनी घोषवाक्यासारखा वापरला, आणि गाडी चालवणारे सांगतात की तो शब्द तिला शोभतो. पुढच्या सात-आठ वर्षांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फियाट, एमजी आणि पोर्शे या सगळ्यांनी आपापल्या उघड्या दोन आसनी गाड्या काढल्या. २०१६ मध्ये एमएक्स-५ ने दहा लाखांचा आकडा ओलांडला. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत उघडझाप करणारे दिवे गेले आणि गाडीचं काही बिघडलं नाही. आजची चौथी पिढी एलानसारखी दिसतही नाही, पण तिचं वजन अजून हजार किलोच्या आसपास आहे. मागे वळून पाहिल्याने कल्पकता मरते, असं म्हणणाऱ्याने या गाडीचं काय करायचं? इथे तर मागे वळूनच रस्ता सापडला.

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं आहे, कारण ते घाटाचं आहे. फ्रान्समधल्या दिएपचा ज्याँ रेडेले छोट्या रेनो गाड्या घेऊन आल्प्सच्या वळणांवर शर्यती मारायचा. तो आनंद त्याला इतका लागला की स्वतःच्या कंपनीला त्याने अल्पीन हे नाव दिलं. त्याची ए११० १९६० च्या दशकातली. इंजिन मागे, अंग फायबरचं, गाडी कमरेहून जेमतेम उंच. १९७३ साली रॅलीची पहिली जागतिक स्पर्धा सुरू झाली, तिचं कंपन्यांचं विजेतेपद या गाडीने नेलं. तिच्याहून ताकदवान गाड्या होत्या. ही हलकी होती. ज्याने करूळ किंवा भुईबावड्याचा घाट स्वतः चालवला आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दीडशे मीटरवर पुढचं वळण असेल, तर इंजिनाचा जोर दाखवायला जागाच नसते. तिथे ब्रेक मारताना, वळताना, परत उचलताना प्रत्येक जादा किलो चालकाच्या अंगावर येतो. अल्पीन १९९५ च्या सुमारास थांबली होती. २०१७ मध्ये नवी ए११० आली, त्याच दिएपच्या कारखान्यात बनणारी. चेहरा जुन्याचाच, चार गोल दिव्यांचा. पण अंग अॅल्युमिनियमचं, इंजिन अवघं १.८ लिटर, आणि वजन ११०० किलोच्या आसपास, जे आजच्या काळात फार कमी म्हणायचं. इंजिन मागच्या आसाच्या पलीकडून अलीकडे सरकलं, कारण तोल तिथे चांगला साधतो. म्हणजे जुन्यातलं जे चुकलं होतं ते सोडलं आणि जे बरोबर होतं ते धरलं. मधले दोन दिवे मूळ गाडीवर रॅलीसाठी आले होते, आज त्यांना तेवढं काम नाही, हे खरं. पण ते शेवटी आखलेले डोळे आहेत. माती आधी बसली आहे.

याच्या शेजारी २०२१ ची नवी कुन्ताश ठेवा. एकूण ११२ गाड्या, आतून त्याच कंपनीची आधीची एक हायब्रिड गाडी, वरून पन्नास वर्षांपूर्वीच्या रेषांची आठवण. मूळ कुन्ताश काढणारे मार्चेलो गांदिनी तेव्हा हयात होते. त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की या गाडीत आपला काही सहभाग नाही, आणि मागचं पुन्हा करणं आपल्या कामाच्या स्वभावात बसत नाही. ज्या माणसाची आठवण जागवायची, त्यालाच ती आठवण आपली वाटू नये, याहून मोठा पुरावा काय हवा? पहिल्या कुन्ताशच्या खांद्यावरची खोकी तापलेल्या इंजिनाने मागून घेतली होती. दुसरीवरचा तोच आकार तिच्या इंजिनाने मागितला नव्हता, गिऱ्हाइकाच्या आठवणीने मागितला.

आणि फोर्ड जीटी. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. २००५ च्या आसपास फोर्डने जीटी४० चं रूप जवळजवळ रेषेला रेष लावून परत आणलं. गाडी सुंदर होती, वेगवान होती, आणि तिच्यावर मेहनत घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण आजचा माणूस आत मावावा म्हणून ती मुळापेक्षा उंच आणि मोठी करावी लागली, आणि छतात कापलेले ते दरवाजे तसेच ठेवले. शर्यतीत चालक बदलायला केलेला दरवाजा पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीवर आपटतो, तेव्हा त्या रेषेचं काम कधीच संपलेलं असतं. पुढची फोर्ड जीटी जुन्या रूपावरून उठवलेली नव्हती. मागचे गोल दिवे आणि अशा एखाददुसऱ्या खुणा सोडल्या तर ती जीटी४० सारखी दिसत नाही. तिच्या अंगातून आरपार वारा जायला बोगदे आहेत, इंजिन सहा सिलिंडरचं, आणि सगळा आकार ल मॉंच्या हिशोबाने काढलेला. जीटी४० ने १९६६ साली ल माँ पहिल्यांदा जिंकली होती. बरोबर ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, ही आजीसारखी न दिसणारी नात तिथे गेली आणि आपल्या गटात पहिली आली. आता सांगा, आजीचं नाव यातल्या कोणी राखलं?

तरीही माझी कसोटी सगळीकडे सरळ लागत नाही. माझ्याच बाजूला अडचणीत टाकणारी तीन उदाहरणं मला माहीत आहेत, आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे. पहिलं म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. कोकणकन्या पकडायला आपण ज्या दारातून आत जातो ते १८८८ साली पूर्ण झालेलं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने काढलेलं गॉथिक काम आहे. वाफेच्या गाड्यांच्या स्थानकाला मध्ययुगातल्या चर्चचे कमानी-घुमट कशाला? माझ्या कसोटीप्रमाणे हे निव्वळ रंगकाम ठरायला हवं. ते तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही याचा मी पुष्कळ विचार केला. तिथला दगड खरा दगड आहे, तो भार घेतो. तिथली पानं, फुलं, प्राणी मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांनी हाताने कोरले आहेत, आणि जुन्या शैलीच्या निमित्ताने एका पिढीचे हात तयार झाले. म्हणजे रेषेला नाही, तरी साहित्याला आणि कारागिरीला काम होतं. ही सूट मी रेट्रोला द्यायला तयार आहे. सावंतवाडीची गंजिफा अशीच वाचली. तिथल्या राजघराण्याने गोल पत्त्यांची कला मरता मरता परत उचलली तेव्हा गंजिफा खेळणारं कोणी फारसं उरलं नव्हतं, पण लाख आणि रंग हाताळणारे हात त्यातून टिकले. मात्र प्लॅस्टिकवर लाकडाची नक्षी छापलेल्या डॅशबोर्डला ही सूट लागू होत नाही.

दुसरं उदाहरण पोर्शे ९११ चं. १९६३ पासून ही गाडी आपलं रूप टिकवून आहे. १९९८ च्या सुमारास हवेवर थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याचं आलं, आणि गोल दिवे जाऊन पसरट दिवे आले. लोकांनी त्या दिव्यांना तळलेल्या अंड्याची उपमा दिली आणि इतकी नाराजी दाखवली की २००४ च्या पिढीत गोल दिवे परत आणावे लागले. पाण्याचं इंजिन मात्र राहिलं. इंजिनाची सगळी व्यवस्था बदललेली चालते आणि दिवा बदललेला चालत नाही, मग माणसाला कारणाशी काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. म्हणणं बिनबुडाचं नाही. माणूस डोळ्यांतच बघतो, गाडीच्यासुद्धा. पण दिवे पसरट होते त्या वर्षांतही ९११ दुरून ओळखू येत होती, कारण इंजिन मागच्या आसामागे होतं आणि छत म्हणून मागे तसंच उतरत होतं. डोळे चुकले होते, मूर्ती चुकली नव्हती, म्हणून डोळे पुन्हा आखता आले. थंडरबर्डचे कितीदा आखले असते तरी काय झालं असतं?

तिसरं उदाहरण डॉज चॅलेंजर. १९७० च्या गाडीची ही उघड नक्कल २००८ मध्ये आली आणि फारसं न बदलता २०२३ पर्यंत विकली गेली. थंडरबर्डसारखी ती विझली का नाही? मला वाटतं, तिच्या लांब बॉनेटखाली खरोखर आठ सिलिंडरचं मोठं इंजिन होतं आणि जोर मागच्या चाकांवर होता. रूप जुनं होतं तसं कारणही जुनंच होतं. वजनाने ती माझ्या आवडीची गाडी नाही, पण ती खोटी नव्हती.

आता पायरीवरच्या उरलेल्या अर्ध्या पोरांकडे वळतो, कारण त्यांना फार सवलत मिळते. 'जुन्या गाड्यांना आत्मा होता' हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कोणत्या जुन्या गाड्यांना? आपल्याला आठवतात त्या निवडक पाच-पंचवीस. त्याच वर्षांतल्या हजारो सुमार गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्यासाठी कोणी गळा काढत नाही. त्या पाच-पंचविसांतही बहुतेकांना धड पट्टे नव्हते, एअरबॅग तर नव्हत्याच, आणि समोरून धडक बसली तर स्टिअरिंगचा दांडा छातीत यायचा. आजच्या गाड्या एकसारख्या दिसतात यालाही कारणं आहेत. रस्त्यावरच्या माणसाला धडक बसली तर त्याच्या डोक्याला बॉनेटखाली दबायला जागा हवी, म्हणून बॉनेट वर आलं. छत उलटूनही टिकावं म्हणून खांब जाड झाले. इंधन वाचावं म्हणून वाऱ्याने सगळ्यांना जवळजवळ एकच वक्र दिला. ज्या नियमाने चालणाऱ्याचा जीव वाचतो, त्याची तक्रार मी करणार नाही. २००९ च्या सुमारास परत आलेल्या शेव्हर्ले कॅमॅरोत जुन्या रूपासाठी खिडक्या इतक्या बारीक केल्या की बाहेरचं नीट दिसत नाही अशी ओरड चालकांनीच केली. ज्या गाडीतून रस्ता दिसत नाही तिच्या रूपाचं कौतुक कोणी कोणासाठी करायचं?

हा वाद आत्ताच नीट व्हायला हवा, कारण इंजिनच जाऊ घातलं आहे. ई-टाइपचं बॉनेट, ९११ चं उतरतं छत, कुन्ताशची खोकी, या सगळ्यांच्या मुळाशी एक तापणारं, जड, जागा खाणारं यंत्र होतं. विजेच्या गाडीत मोटर भोपळ्याएवढी आणि बॅटरी जमिनीखाली सपाट. ग्रिलमधून श्वास घेणारं कोणी उरलं नाही. मग लांब बॉनेट कोणासाठी? स्पीकरमधून इंजिनाचा आवाज सोडणाऱ्या विजेच्या गाड्या बाजारात आल्याही आहेत, आणि मला ते मनापासून खटकतं. बॅटरीचं वजन मात्र खरं आहे, तापणंही खरं आहे. त्या अडचणींतून जे रूप निघेल ते अजून कोणी पुरतं पाहिलेलं नाही, आणि ते शोधण्याच्या वयात माझे विद्यार्थी आहेत.

तरीही जुन्याला तिथेही जागा असू शकते, हे मला एका कोरियन गाडीने दाखवलं. १९७४ साली तुरिनच्या प्रदर्शनात ह्युंदाईने जोर्जेतो जुजारोंकडून काढून घेतलेली पोनी कूप मांडली होती. कंपनी तेव्हा नवखी होती. साधी पोनी रस्त्यावर आली, कूप मात्र कधीच विक्रीला गेली नाही. २०२२ मध्ये ह्युंदाईने एन व्हिजन ७४ नावाची प्रायोगिक गाडी दाखवली. रूप त्या कूपचं, सरळ कडांचं, आणि आत हायड्रोजन आणि बॅटरी असं दुहेरी यंत्र, ज्याला थंड ठेवायला हवेच्या मोठाल्या वाटा लागतात. त्या पेटीसारख्या अंगात त्या वाटा बसतात. जे कधी झालंच नव्हतं ते पुन्हा करणं याला नक्कल म्हणता येत नाही. आजोबांनी बोललेला आणि राहून गेलेला नवस नातवाने फेडावा, तसं ते आहे.

आमच्या छपराचा वादही याच जातीचा होता, म्हणून दोन्ही एका वेळी ऐकताना मला इतकं जाणवलं. स्लॅबच्या बाजूने दादाची कारणं खरी होती. वानरं कौलं फोडतात, पावसाआधी ती परतायला माणूस मिळत नाही, वाशांना वाळवी लागली आहे. काकांचं म्हणणं, घर कौलारूच शोभतं. मग तडजोड पुढे आली ती अशी: सपाट स्लॅब, पुढच्या बाजूला दोन हात उताराचा देखावा आणि त्यावर चिकटवलेली कौलं, भिंतींना जांभ्याच्या पातळ फरशा. आसपासच्या कितीतरी रिसॉर्टांवर असंच काम दिसतं. मी म्हटलं, आपली ही 'परंपरेची' मंगलोरी कौलंसुद्धा एकदा नवीनच होती. बाझल मिशनने १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला, त्याआधी इथे कुंभाराचे नळे होते किंवा गवताचं शाकार. नळे गेले, गवत गेलं, पण उतार गेला नाही, कारण पाऊस गेला नाही. सपाट स्लॅब घालणाऱ्यांनी चार वर्षांत गळतीला कंटाळून त्यावर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची उतरती शेड घातली, हे तर गावात घरोघर दिसतं. पावसाने आपला उतार परत घेतला.

शेवटी ठरलं ते असं, की वासे-रिपांच्या जागी लोखंडी पाइप यावेत, उतार पूर्ण घराला राहावा, आणि वर शाबूत असतील ती जुनी कौलं. वानरांचं काय करायचं याचं उत्तर अजून कोणाकडे नाही. पाइप किती लांब मागवायचे, हा प्रश्न आला तेव्हा पायरीवरची पोरं मोबाइल खिशात घालून उठली. विसर्जनाच्या दुपारी सर आली होती. पागोळ्यांनी अंगणात पाडलेली खळग्यांची रेघ भिंतीपासून किती अंतरावर आहे ते पोरं टेप लावून मोजत होती. अडीच फूट भरलं. खालच्या चिऱ्यावर शिंतोडा येत नव्हता. पणजोबांनी वासे तेवढे बाहेर का काढले होते ते त्यांनी मला सांगितलं, मी विचारायच्या आधी.